गव्हर्नरचा आग्रह आणि आमदारांचे मत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



लोकप्रतिनिधीला सर्वांत अधिक भय कशाचे वाटत असेल, तर ते नोंदल्या जाणाऱ्या मताचे. वादग्रस्त प्रश्नावर तो जाहीर सभेत एक बोलू शकतो, शिष्टमंडळाला दुसरे आश्वासन देऊ शकतो, धर्मगुरूंपुढे तिसऱ्याच गोष्टीला मान डोलावू शकतो. सभागृहात नाव पुकारले गेले म्हणजे मात्र 'होय' किंवा 'नाही' एवढेच म्हणता येते आणि ते कायमचे छापले जाते. म्हणून अडचणीचे विधेयक संपवण्याची सर्वांत सोयीची रीत म्हणजे ते पराभूत करण्याऐवजी मताला येऊच न देणे, त्याचे घोंगडे भिजत ठेवणे. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे जगातील सर्व विधिमंडळांना ठाऊक आहे.

ही मूठ उघडायला लावण्याची शक्ती राज्याच्या प्रमुखाजवळ असते काय? असल्यास किती? आणि मूठ उघडल्यावर आत हवे तेच निघते काय? या प्रश्नांचा विचार करू इच्छिणाऱ्याने अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्याचा २००६ ते २०११ हा कालखंड अभ्यासावा. प्रश्न होता समलिंगी जोडप्यांच्या विवाहाला कायद्याची मान्यता देण्याचा. एका गव्हर्नरने सिनेटला मतदान करणे भाग पाडले आणि तो हरला. त्याच्यानंतर आलेल्याने मते मोजून झाल्यावरच विधेयक पुढे आणले आणि तो जिंकला. पहिला भाबडा आणि दुसरा चतुर, असा निष्कर्ष काढून मोकळे होण्याचा मोह पडतो. पण दुसऱ्याने मोजलेली मते आली कोठून, हे पाहिले म्हणजे तो निष्कर्ष टिकत नाही.

प्रथम एक खुलासा आवश्यक आहे. अमेरिकेतील गव्हर्नर म्हणजे आपल्याकडील राज्यपाल नव्हे. आपला राज्यपाल नियुक्त असतो आणि विधिमंडळाचे अधिवेशन त्याने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बोलवावयाचे असते. अरुणाचल प्रदेशात राज्यपालांनी आपल्या मर्जीने अधिवेशन अलीकडे आणले, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये घटनाबाह्य ठरवले. महाराष्ट्रात जून २०२२ मध्ये राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांना बहुमत सिद्ध करण्यास सांगितले, तेही समर्थनीय नव्हते असे त्याच न्यायालयाने मे २०२३ मध्ये म्हटले. अमेरिकेतील गव्हर्नरला जनता थेट निवडून देते. तो राज्याचा कार्यकारी प्रमुख असतो, परंतु विधिमंडळाचा सदस्य नसतो. अविश्वासाच्या ठरावाने तो पडत नाही, आणि त्यालाही सभागृह विसर्जित करता येत नाही. दोघांचेही जनादेश स्वतंत्र. त्यामुळे आमदारांवर त्याला जे वजन टाकावयाचे, ते दाराबाहेर उभे राहूनच टाकावे लागते.

न्यू यॉर्कच्या राज्यघटनेने त्याच्या हाती काही साधने दिली आहेत. असाधारण प्रसंगी तो विधिमंडळाचे, किंवा केवळ सिनेटचे, विशेष अधिवेशन बोलावू शकतो आणि त्या अधिवेशनात त्याने सुचवलेल्या विषयांवाचून दुसरा विषय निकालात काढता येत नाही. दुसरे साधन तातडीच्या संदेशाचे. एरवी कोणतेही विधेयक अंतिम स्वरूपात तीन दिवस सदस्यांच्या मेजावर असल्याखेरीज ते संमत करता येत नाही. परंतु तत्काळ मतदान आवश्यक आहे असे गव्हर्नरने लेखी प्रमाणित केले, तर ही अट गळून पडते. तिसरे साधन नकाराधिकाराचे. त्याने परत पाठवलेले विधेयक पुन्हा संमत करावयाचे तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात. चौथे साधन अंदाजपत्रकाचे, आणि ते सर्वांत जड. यांखेरीज नेमणुका आहेत, आमदाराच्या मतदारसंघातील कामे आहेत, आणि वर्तमानपत्रांत दररोज छापला जाणारा गव्हर्नरचा शब्द आहे.

साधनांची ही यादी भरघोस दिसते. परंतु तीत एक उणीव आहे. सभासदांना एकत्र बोलावण्याचा अधिकार गव्हर्नरला आहे, त्यांच्यापुढे विषय ठेवण्याचाही आहे. त्यांनी त्यावर मत दिलेच पाहिजे असा हुकूम करण्याचा अधिकार कोठेही नाही. पुढचा सारा इतिहास या एका उणिवेभोवती फिरतो.

६ जुलै २००६ रोजी न्यू यॉर्कच्या सर्वोच्च राज्य न्यायालयाने निकाल दिला की, समलिंगी जोडप्यांना विवाहाची मुभा दिलीच पाहिजे असे राज्यघटना सांगत नाही. तसे करावयाचे की नाही हे विधिमंडळाने ठरवावे. न्यायालयाने दार बंद केले आणि बोट विधिमंडळाकडे दाखवले. एप्रिल २००७ मध्ये गव्हर्नर एलियट स्पिट्झर यांनी विवाह समानतेचे विधेयक मांडले. दीडशे सदस्यांच्या असेंब्लीने ते जूनमध्ये ८५ विरुद्ध ६१ मतांनी संमत केले. बासष्ट सदस्यांच्या सिनेटमध्ये रिपब्लिकन पक्षाचे बहुमत होते आणि कामकाजाची सूत्रे बहुमताच्या नेत्याच्या हाती होती. त्याने विधेयक मताला घेतलेच नाही. कोणी पाठिंबा दिला नाही, कोणी विरोध केला नाही. विधेयक मात्र संपले.

मार्च २००८ मध्ये स्पिट्झर यांना पद सोडावे लागले आणि उपगव्हर्नर डेव्हिड पॅटरसन गव्हर्नर झाले. न्यू यॉर्कचे ते पहिले कृष्णवर्णीय गव्हर्नर. दृष्टी अत्यंत अधू. लिहिलेले भाषण वाचता येत नसल्याने ते पाठ करून बोलत. पूर्वी ते स्वतः सिनेटचे सदस्य होते, तेथील खाचाखोचा त्यांना अवगत होत्या. मे २००८ मध्ये त्यांच्या विधी सल्लागाराने राज्याच्या सर्व खात्यांना कळवले की, अन्य राज्यांत वा देशांत कायदेशीरपणे झालेले समलिंगी विवाह न्यू यॉर्कने ग्राह्य मानावेत. त्याला विधिमंडळाची संमती लागली नाही. जे काम कार्यकारी अधिकारात होते ते त्यांनी आधी करून टाकले. शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये किंवा कॅनडात जाऊन विवाह करून आलेली जोडपी त्या दिवसापासून न्यू यॉर्कच्या सरकारी दप्तरांत पतीपत्नींच्या बरोबरीने धरली जाऊ लागली. आमदार बिचकत असताना वस्तुस्थिती पुढे सरकवून ठेवणे हाही दबावाचाच एक प्रकार होय. ज्यांचे विवाह राज्याने मानलेच आहेत, त्यांना आपल्या गावी विवाह करू देण्यास नकार देणे उत्तरोत्तर अवघड होत जाते.

नोव्हेंबर २००८ च्या निवडणुकीत सिनेटमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाला ३२ विरुद्ध ३० असे निसटते बहुमत मिळाले. एप्रिल २००९ मध्ये पॅटरसन यांनी विधेयक पुन्हा आणले. असेंब्लीने मे महिन्यात ते ८९ विरुद्ध ५२ मतांनी संमत केले. आता सिनेट उरली. आणि ८ जून रोजी सिनेटच कोसळली. दोन डेमोक्रॅट सदस्य रिपब्लिकनांना जाऊन मिळाले. त्यांतील एक आठवड्याभरात परतला. उरले ३१ विरुद्ध ३१. अध्यक्षस्थानी कोण, बहुमत कोणाचे, कुलपाची किल्ली कोणाजवळ, यावरच एक महिना गेला. पॅटरसन यांनी दररोज विशेष अधिवेशन बोलावले. सदस्य येत, हातोडा वाजे, काही मिनिटांत पुन्हा हातोडा वाजे आणि अधिवेशन संपे. बोलावल्याप्रमाणे आले, घटनेचा मान राखला, आणि काम केले नाही! वर सांगितलेली उणीव ती हीच.

जुलैमध्ये पेच सुटला. १० नोव्हेंबरला गव्हर्नरने विवाहाचा विषय कार्यसूचीवर ठेवून विशेष अधिवेशन बोलावले. तरीही सिनेटने मतदान टाळले. पॅटरसन यांची लोकप्रियता त्या सुमारास रसातळाला गेली होती, राज्याच्या तिजोरीत तूट होती, आणि स्वपक्षीयही त्यांच्यापासून अंतर राखून होते. पण त्यांचा एकच आग्रह कायम होता. मते नसली तरी चालेल, मतदान झाले पाहिजे. नागरिकांच्या एका मोठ्या वर्गाला आपले प्रतिनिधी आपल्याविषयी काय मानतात हे कळण्याचा हक्क आहे.

२ डिसेंबर २००९ रोजी सिनेटने मतदान घेतले. विधेयकाच्या बाजूने २४, विरुद्ध ३८. तीसही रिपब्लिकन विरोधात गेले आणि आठ डेमोक्रॅटही. त्या दिवसाच्या चर्चेत आणखी एक गोष्ट घडली. पाठिंबा देणारे सदस्य एकामागून एक बोलले. कोणी आपल्या घरातील माणसाविषयी बोलले, कोणी गुलामगिरीच्या इतिहासाविषयी. विरोधात मत देणाऱ्या अडतीसांपैकी बोलावयास उठले ते एकच, ब्राँक्स भागातील धर्मोपदेशक असलेले डेमोक्रॅट सदस्य रुबेन दियाझ. बाकीचे गप्प. रॉचेस्टरकडील रिपब्लिकन सदस्य जेम्स अलेसी यांचे नाव पुकारले गेले तेव्हा ते डोके हातांत धरून बसले होते. काही वेळाने त्यांनी 'नाही' म्हटले.

पॅटरसन यांनी हात दाखवून अवलक्षण करून घेतले, अशी टीका तेव्हा झाली. टीका करणाऱ्यांत विवाह समानतेचे खंदे पुरस्कर्तेही होते. मते नसताना मतदान का घेतले, आता हा विषय दहा वर्षे मागे गेला, असे त्यांचे म्हणणे. त्या दिवशीच्या आकड्यांपुरते ते खरे वाटत होते. पण संघटनेच्या दृष्टीने त्या दिवशी एक मौल्यवान वस्तू प्रथमच हाती आली होती. ती म्हणजे बासष्ट नावांची यादी. त्यापूर्वी कोण बाजूने आणि कोण विरुद्ध याविषयी केवळ अंदाज होते, आश्वासने होती, कानगोष्टी होत्या. आता कागद होता. शिवाय गप्प बसलेल्या सदतीसांनी आपल्या मौनाने हेही सांगून टाकले होते की, या मतासाठी आमच्याजवळ लोकांपुढे मांडण्याजोगे कारण नाही.

कार्यकर्त्यांनी ती यादी हाती घेतली. २०१० मध्ये 'फाइट बॅक न्यू यॉर्क' या नावाने एक मोहीम उभी राहिली. तिने विरोधी मत दिलेल्यांपैकी तिघांना निवडून लक्ष्य केले आणि तिघेही पडले. त्यांपैकी एकाला एका फौजदारी शिक्षेनंतर सिनेटने आधीच काढून टाकले होते आणि पोटनिवडणुकीत तो हरला. दुसरा पक्षांतर्गत निवडणुकीत हरला. तिसरा नोव्हेंबरच्या निवडणुकीत. त्या तीन जागांवर जे आले, त्या तिघांनीही २०११ मध्ये विधेयकाच्या बाजूने मत दिले. पराभूत मतदानाची ही कमाई होती. मूठ उघडली गेली नसती, तर कोणावर बोट ठेवावयाचे हेच कळले नसते.

त्याच निवडणुकीत सिनेटमध्ये मात्र रिपब्लिकन पुन्हा ३२ विरुद्ध ३० असे बहुमतात आले आणि गव्हर्नरपदी अँड्र्यू क्युओमो निवडून आले. त्यांनी प्रथम काय केले? विशेष अधिवेशनाची धमकी दिली नाही. विवाह समानतेसाठी काम करणाऱ्या संघटना एकमेकींत भांडत होत्या. त्यांना एका छत्राखाली येण्यास त्यांनी भाग पाडले. संयुक्त आघाडी झाली, एकच प्रचार, एकच यादी, कोणत्या मतदारसंघातून किती पत्रे, किती दूरध्वनी, किती भेटी याचा एकच हिशेब. विधेयक मात्र गव्हर्नरने आपल्याजवळच ठेवले. आधी मते, मग कागद, हे त्यांचे सूत्र.

जूनच्या मध्यावर गणित जुळू लागले. २००९ मध्ये विरोधी मत दिलेल्या तीन डेमोक्रॅट सदस्यांनी १३ जून रोजी मत बदलल्याचे जाहीर केले. त्याच दिवशी डोके हातांत धरून बसलेले अलेसी पहिले रिपब्लिकन म्हणून पुढे आले. दुसऱ्या दिवशी रॉय मॅकडोनल्ड आले. गव्हर्नरने विधेयक पाठवले, आणि १५ जूनला असेंब्लीने ते ८० विरुद्ध ६३ मतांनी संमत केले. सिनेटमध्ये रिपब्लिकन सदस्यांची दारे लावून तासन् तास बैठक चाले. धार्मिक संस्थांना व धर्मगुरूंना अशा विवाहांची सक्ती होणार नाही, त्यांच्यावर दावे चालणार नाहीत, अशा तरतुदींची भाषा घासूनपुसून ठरली. २४ जून २०११ च्या रात्री मतदान झाले. बाजूने ३३, विरुद्ध २९. मार्क ग्रिसांती आणि स्टीफन सालँड धरून चार रिपब्लिकन बाजूने आले. डेमोक्रॅटांतून विरोधी राहिले ते एकटे दियाझ. रिपब्लिकन नेते डीन स्केलॉस यांनी स्वतः विरोधात मत दिले, पण विधेयक मताला येऊ दिले. मध्यरात्रीपूर्वी गव्हर्नरने सही केली आणि २४ जुलैपासून कायदा अमलात आला.

आता या विजयाच्या दोन बाजूंकडे डोळेझाक करता कामा नये, कारण त्यांचा संबंध साधनशुचितेशी आहे.

पहिली बाजू पैशाची. रिपब्लिकन सदस्यांना भय होते ते मत बदलल्यास पुढील निवडणुकीत निधी कोण देणार याचे. गव्हर्नरच्या माणसांनी वॉल स्ट्रीटवरील काही गडगंज रिपब्लिकन देणगीदार गाठले आणि त्यांनी मिळून दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम या मोहिमेला दिली. न्यू यॉर्क शहराचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग हे सिनेटमधील रिपब्लिकनांचे मोठे देणगीदार. तेही जातीने ऑल्बनीला जाऊन आले. म्हणजे आमदाराच्या सदसद्विवेकाला जाग येण्यासाठी धनिकाच्या धनादेशाची उशी लागली. न्याय्य मागणीच्या मदतीला पैसा आला म्हणून मागणी अन्याय्य ठरत नाही. परंतु तीच दारे, त्याच रात्री, आणखी कोणत्या मागण्यांसाठी उघडी होती, हे विचारावेच लागते. त्याच आठवड्यात न्यू यॉर्क शहरातील सुमारे दहा लाख घरांच्या भाडेनियंत्रणाचा कायदा मुदत संपून लोंबकळत होता. भाडेकरूंच्या संघटनांनी त्याला भक्कम करण्याची मागणी लावून धरली होती. तो वाढवला गेला, थोडा सुधारलाही गेला. पण मालमत्ता करावर मर्यादा घालणाऱ्या कायद्याच्या सोबत, एकाच गठ्ठ्यात, घाईने. विवाह समानतेसाठी वॉल स्ट्रीटचे देणगीदार पुढे आले. भाडेकरूंसाठी तसे कोणी आले नाही.

दुसरी बाजू घाईची. धार्मिक सवलतींची अंतिम भाषा त्याच दिवशी बाहेर आली आणि तीन दिवसांची अट गव्हर्नरच्या तातडीच्या संदेशाने बाजूला सारली गेली. बंद दारामागील बैठका आणि हा संदेश यांविरुद्ध विरोधक न्यायालयात गेले. २०१२ मध्ये त्यांची बाजू फेटाळली गेली. कायद्याने ते योग्यच ठरले. तथापि जनतेला विधेयक वाचण्यास मिळणारे तीन दिवस ही कोणा विरोधकाची सोय नसून नागरिकाचा हक्क आहे. आज ते आपल्याला प्रिय असलेल्या कारणासाठी गुंडाळले गेले. उद्या याच कलमाने कामगारांच्या निवृत्तिवेतनाला कात्री लागू शकते. मार्च २०१२ मध्ये तसे घडलेही: नव्या सरकारी नोकरांचे निवृत्तिवेतन कमी करणारे विधेयक ऑल्बनीत एका रात्रीत असेच पार झाले. हत्यार धरणाऱ्याचा हेतू पाहून हत्याराची परीक्षा करणाऱ्याला पुढे पश्चात्ताप होतो. खुद्द क्युओमो यांना ऑगस्ट २०२१ मध्ये लैंगिक छळाच्या आरोपांवरून पायउतार व्हावे लागले. व्यक्तिपूजेला येथे मुळीच जागा नाही.

ज्या चौघांनी पक्षाची भिंत ओलांडली, त्यांचे पुढे काय झाले? अलेसी २०१२ ची निवडणूक लढले नाहीत. मॅकडोनल्ड पक्षांतर्गत निवडणुकीत हरले. सालँड यांना उमेदवारी कशीबशी मिळाली, पण नोव्हेंबरमध्ये ते पडले. ग्रिसांती एकदा निवडून आले आणि २०१४ मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीतच हरले. धनादेशांनी त्यांना मत देण्याचे धैर्य पुरवले असेल. जागा टिकवून दिली नाही. ज्यांनी किंमत मोजली, त्यांच्या वाट्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

गव्हर्नरच्या दबावाची मर्यादा अन्य राज्यांतही दिसते. हवाईत गव्हर्नर नील ॲबरक्रॉम्बी यांनी ऑक्टोबर २०१३ मध्ये याच विषयासाठी विशेष अधिवेशन बोलावले. प्रतिनिधीगृहाच्या समित्यांनी कित्येक दिवस लोकांची निवेदने ऐकून घेतली, नंतर ३० विरुद्ध १९ मतांनी विधेयक संमत झाले आणि १३ नोव्हेंबरला सही झाली. तेथे विशेष अधिवेशन फळले, कारण बहुमत आधीच तयार होते. गव्हर्नरने त्याला केवळ तारीख दिली. उलट व्हरमाँटमध्ये २००९ साली गव्हर्नर जिम डग्लस यांनी विवाह विधेयकावर नकाराधिकार वापरला. दुसऱ्याच दिवशी, ७ एप्रिलला, सिनेटने २३ विरुद्ध ५ आणि प्रतिनिधीगृहाने १०० विरुद्ध ४९ मतांनी तो झुगारून दिला. शंभर मतेच लागत होती आणि शंभरच पडली. लोकांनी घडवलेले बहुमत असेल तर गव्हर्नरचा विरोधही त्यापुढे टिकत नाही. ते नसेल तर गव्हर्नरचा पाठिंबाही अपुरा पडतो.

या विषयाचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाच्या याचिकांवर निकाल देताना विवाहाचा मूलभूत हक्क मान्य केला नाही आणि हा प्रश्न कायदेमंडळाचा आहे असे म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. न्यू यॉर्क २००६ मध्ये जेथे उभे होते, तेथे भारत आज उभा आहे. न्यायालयाने बोट सभागृहाकडे दाखवले आहे, आणि सभागृहाची मूठ झाकलेली आहे.

आपल्या सभागृहांची रचना मात्र वेगळी आहे. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीनंतर पक्षादेश मोडून मत देणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते. म्हणजे अलेसी किंवा मॅकडोनल्ड यांच्यासारखा सदस्य आपल्याकडे निपजला, तरी पक्षादेश निघाल्यावर त्याचे मत हे त्याचे राहत नाही. म्हणून येथे एकेका आमदाराइतकेच पक्षाला गाठावे लागेल. प्रत्येक पक्षाच्या जाहीरनाम्यात या विषयावर काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही, ही आपली बासष्ट नावांची यादी. दुसरी गोष्ट अशी की, विवाह व घटस्फोट हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे. राज्य विधिमंडळालाही त्यावर कायदा करता येतो. केंद्रीय कायद्याशी विसंगती आल्यास राष्ट्रपतींची संमती लागते. १९६७ साली अण्णादुराई यांच्या सरकारने मद्रास विधिमंडळात हिंदू विवाह कायदा दुरुस्त करून पुरोहिताविना होणाऱ्या स्वाभिमान विवाहांना कायद्याचे संरक्षण दिले, ते याच मार्गाने. तेव्हा 'हा दिल्लीचा प्रश्न आहे' असे सांगून मुंबईतील आमदारांना पूर्णपणे सुटता येणार नाही.

आणि कार्यकारी प्रमुखाच्या आग्रहाला मोल किती, याचा आपला स्वतःचा धडा तर घरचाच आहे. हिंदू कोड बिल वर्षानुवर्षे चर्चेत घोळवले गेले. त्यातील विवाह व घटस्फोटाचा भाग तरी संमत व्हावा, यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर झटत राहिले. तोही सोडून देण्यात आला तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. पंतप्रधान नेहरूंच्या प्रामाणिकपणाविषयी त्यांची तक्रार नव्हती. विधेयक तडीस नेण्यासाठी लागणारा निर्धार अपुरा पडला, ही होती. हिंदू विवाह कायदा पुढे १९५५ मध्ये झाला. मधल्या काळात ज्या स्त्रिया जाचाच्या संसारात अडकून पडल्या, त्यांची गणती कोणत्याही कामकाजवृत्तांतात नाही.

विलंबाची किंमत नेहमी अशीच दुसऱ्याला मोजावी लागते. न्यू यॉर्कच्या एडिथ विंडसर यांचा विवाह २००७ मध्ये कॅनडात झाला होता. २००९ मध्ये जोडीदार वारली, तेव्हा केंद्र सरकारने त्यांना परक्या समजून ३,६३,०५३ डॉलर वारसाकर वसूल केला. त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्या आणि २६ जून २०१३ रोजी जिंकल्या. न्यू यॉर्क राज्य हा विवाह मानत होते, ही गोष्ट त्या निकालाच्या पायाशी होती. बरोबर दोन वर्षांनी, २६ जून २०१५ रोजी, साऱ्या अमेरिकेत असे विवाह कायदेशीर झाले.

गव्हर्नर सभागृहाचे दार उघडू शकतो, दिवे लावू शकतो, नावे पुकारण्याची वेळ आणू शकतो. पॅटरसन यांनी ते केले आणि हरण्याची तयारी ठेवून केले. नाव पुकारल्यावर आतला माणूस काय म्हणेल, हे मात्र त्याच्या मतदारसंघात आधीच्या दोन वर्षांत कोण किती फिरले यावर ठरते. क्युओमो यांनी मोजलेल्या मतांतील तीन मते २०१० च्या निवडणुकांत मिळवलेली होती, आणि त्या निवडणुकांतील प्रचार २ डिसेंबर २००९ च्या पराभवाने पुरवलेल्या यादीवर उभा होता. हरलेल्या मतदानालाही कार्यकर्ते मिळाले तर ते वाया जात नाही. जिंकलेल्या मतदानानंतर मात्र त्या रात्री गठ्ठ्यात आणखी काय बांधले गेले, हे सोडून पाहण्याचे काम त्याच कार्यकर्त्यांवर येते.